तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेकजण स्नेहसंमेलनं, सहली आणि प्रभातफेऱ्यांवर लिहितील, आणि लिहावंच. मी पाचवी ते सातवीच्या गणितावर लिहितो, कारण माझं घर त्याच्यावर चालतं. मी बांधकामाची कंत्राटं घेतो. कॉलेजात पुढे जे गणित केलं त्यातलं साइटवर फारसं कामाला येत नाही. रोज लागतात ते अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, क्षेत्रफळ, घनफळ. सगळं सातवीच्या आतलं.

आम्हाला गणिताला जे सर होते (नाव छापायचं नाही अशी त्यांचीच ताकीद आहे) त्यांचा एक नियम होता. गणित सोडवायच्या आधी उत्तर साधारण किती येईल ते समासात पेन्सिलीनं लिहायचं. अंदाज चुकला तर ओरडा नाही. लिहिलाच नाही तर मात्र वही परत. पाचवीत भागाकार चालू असताना त्यांनी फळ्यावर १२२४ भागिले १२ लिहिलं. निम्म्या वर्गाचं उत्तर १२ आलं. मधल्या दोनाला भाग जात नाही म्हणून तिथं शून्य द्यायचं, ते सगळे गाळून बसले होते. सरांनी रीत परत सांगितलीच नाही. एवढंच विचारलं, "बाराशेला बारानं भागलं तर किती?" "शंभर!" "मग वर आणखी चोवीस आहेत, तरी उत्तर बारा कसं काय रे?" ते शून्य नंतर आमच्या वर्गात कुणी गाळल्याचं मला आठवत नाही.

अपूर्णांकाच्या बेरजेतही तेच. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, हे उत्तर प्रत्येक पिढीतली मुलं आपलं आपण शोधून काढतात. सर म्हणायचे, "अर्ध्यात भर घातलीस आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी? घातलीस की चोरलीस?" मग फूटपट्टी काढायला लावायचे. एका फुटाचा अर्धा सहा इंच, तिसरा हिस्सा चार इंच, मिळून दहा इंच. बारातले दहा, म्हणजे ५/६. छेद सारखे का करायचे, लसावि कशासाठी काढायचा, हे मला त्या पट्टीवर कळलं. आज माझा सुतार इंचाचे आठ सूत धरतो आणि पाऊण इंचाला सहा सूत म्हणतो. त्याच्याशी बोलताना मला मनातल्या मनात भाषांतर करावं लागत नाही.

पाढे तीसपर्यंत होतेच. "तेरा आठे चारोदरसे, तेरा नव्वे सतरोदरसे" हा गजर गावातल्या पारापर्यंत ऐकू जायचा. खरं सांगायचं तर एकोणतीसचा पाढा मला आजवर लागलेला नाही, आणि त्यापायी मुलांना छड्या खायला लागू नयेत असं माझं मत आहे. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, यांचं तसं नाही. ही आमच्या पुस्तकात नव्हती, आजोबांच्या अंकलिपीत होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै असा कारभार होता. तो गेला, पाठोपाठ शेर-मणही गेले, तेव्हा पाऊणकी-सवायकीची गरज संपली असं सगळ्यांनी धरलं. सरांनी धरलं नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटी "तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच" म्हणून घ्यायचे. साहेबांच्या तपासणीत मात्र हे काही निघायचं नाही.

ऑफ तास मिळाला की फळ्यावर कापरेकरांचं कोडं. द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६) देवळालीत शाळामास्तर होते, गणितज्ञ म्हणून त्यांचं नाव परदेशात गेलं, याचं सरांना फार अप्रूप. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या अंकांचं परत तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता अडकलात, कारण ६१७४ मधून परत ६१७४ च निघतं. फार तर सात वजाबाक्यांत तिथं पोचता. हातच्याच्या वजाबाकीचा असा सराव आम्ही न सांगता करायचो. मधे कुठं चुकलं तरी पुढच्या वजाबाक्या बरोबर असल्या तर गाडी बहुधा ६१७४ लाच लागते, हे त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. नवाचा ताळा (अंकांची बेरीज करून उत्तर पडताळायची रीत) शिकवला तेव्हा मात्र त्याच तासाला तो कुठे फसतो तेही दाखवलं: ९०२२ च्या जागी ९२०२ लिहिलं तरी ताळा जुळतो.

सहावीत क्षेत्रफळ आलं तेव्हा त्यांनी वर्ग मैदानावर नेला. सुंभाची दोरी, चार खुंट्या आणि टेप. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट चौरस आखला आणि आम्हा सगळ्यांना आत उभं केलं. "हा गुंठा." सात-बारा घरोघरी होता, पण गुंठा केवढा ते कुणी पाहिलं नव्हतं. १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. हा गुणाकार तिथंच मातीत काठीनं केला. मग सरांनी दोरी न कापता, न वाढवता खुंट्या हलवल्या आणि साठ फूट बाय सहा फुटांची पट्टी केली. दोरी तीच, १३२ फूट. जागा किती? ३६० चौरस फूट. गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही. कुंपण तेवढंच आणि जमीन गेली कुठं, यावर पोरांची तिथं मारामारी व्हायची बाकी राहिली. ज्यांच्या घरी वाटण्यांचे वाद चालू होते ती पोरं जास्त गंभीर होती.

मागच्या हंगामात माझ्याकडे डिप्लोमा झालेला एक मुलगा लागला. वीस बाय पंधराचा स्लॅब, जाडी पाच इंच. काँक्रीट किती लागेल, विचारलं. त्यानं मोबाइलवर तीनशे गुणिले पाच केलं आणि भागिले शंभर करून पंधरा ब्रास सांगितलं. मोबाइलचा गुणाकार बरोबर होता. पण पंधरा ब्रास म्हणजे पंधराशे घनफूट. तीनशे चौरस फुटांवर एवढं ओतलं तर स्लॅब पाच फूट जाड होईल. पाच इंच म्हणजे फुटाचे ५/१२, तेव्हा १२५ घनफूट, सव्वा ब्रास. मुलगा हुशार आहे, चार दिवसांत तयार झाला. त्याला समासात आधी लिहायची सवय कुणी लावली नव्हती, एवढंच.

सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या गोळा होतायत आणि कमान, रंगमंच यांची नावं चर्चेत आहेत. ती होवोत. माझी सूचना स्वस्त आहे. मैदानाच्या एका कोपऱ्यात चार दगड पुरून कायमचा एक गुंठा आखून ठेवावा, आणि सहावीचा क्षेत्रफळाचा पहिला तास तिथं घ्यावा. दगड, मजुरी आणि टेप माझ्याकडून. मुख्याध्यापकांनी फक्त जागा दाखवावी, व्हॉलीबॉलवाल्यांशी भांडण लागणार नाही अशी.