झाला का वाचून?

आमच्याकडे पेपर साडेसहाला यायचा आणि सातपर्यंत त्याची वाटणी झालेली असायची. पहिलं पान बाबांचं. खेळाचं दादाचं, पुरवणी आईची, आणि मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्याकडे राशिभविष्य आणि छोट्या जाहिराती. आजी चष्मा पुसून थेट निधनवार्तांकडे वळायची. "ओळखीचं कोणी नाही ना, तेवढं बघते." नऊच्या सुमारास आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झाला का वाचून?" तिला तो खाली पसरून मटार सोलायचे असत.

आणि तो खरंच वाचून झालेला असायचा! शेवटच्या पानावर जग त्या दिवसापुरतं संपायचं. फोनवर ती सोय नाही. अंगठा सरकवला की खालून आणखी एक बातमी उगवते. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे वृत्तपत्र निघालं. एका स्तंभात मराठी, शेजारच्यात इंग्रजी, आणि सुरुवातीचे काही महिने अंक पंधरा दिवसांनी. मधले चौदा दिवस वाचक काय करत असतील, याचा मला अलीकडे हेवा वाटतो.

मथळ्यांचंही तसंच. पूर्वी मथळा वाचला की बातमी कळायची, घाईतल्या माणसाचं तेवढ्यावर भागायचं. आता क्लिकवर पैसे, म्हणून मथळ्याचं काम बातमी लपवण्याचं. 'उद्या शाळांना सुट्टी?' प्रश्नचिन्हासकट. चार जाहिराती ओलांडून, चुकून एकीवर बोट पडून परत येऊन खाली पोचावं, तर सुट्टी दुसऱ्याच जिल्ह्यात. तोवर लेकीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलेलं असतं.

बाबांचा पेपर सुटला तो 2020 च्या टाळेबंदीत. घरोघर पेपरची लाइन टाकणारा मुलगा येईना, मुंबईत तर काही दिवस अंक छापलेच गेले नाहीत. मग पेपर पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर यायला लागला. बाबा दोन बोटांनी पान मोठं करायचे, वाचता वाचता ओळ कडेला पळायची, आणि तिच्यामागे त्यांची मानही. पुढे मुलगा परत आला, पण बाबा तोवर स्वतःच लाइन टाकू लागले होते. पहाटे साडेपाचला एकवीस जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पहिला गठ्ठा पडतो. फार फिरलेल्या मजकुरावर दोन बाण येतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही अडवणूक त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली, अफवा आवरायला. बाबांचं गणित उलटं. "दोन बाण आहेत, म्हणजे बातमी मोठी आहे." निधनवार्ताही आता तेच देतात. मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ नटाला त्यांनी सकाळी श्रद्धांजली वाहिली आणि दुपारी कोणाला न सांगता मेसेज पुसून टाकला. पेपरवाले निदान दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दिलगिरी छापायचे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईने फळ्यांवर घालायला कागद मागितला. घरात एक पान निघेना. शेवटी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेले. लहानपणी याच माणसाच्या काट्यावर नजर ठेवून मी रद्दी विकलेली. त्याच्याकडून दोन किलो विकत आणली, तीही घासाघीस करून. अर्धी फळ्यांवर गेली. उरलेली घेऊन मी आणि बाबा जमिनीवर बसलो, त्यांनी पहिली पानं ओढून घेतली. अंक मागच्या वर्षीचे होते.

"झाला का वाचून?" आईने दोनदा विचारलं.