रोजनाम्याबाहेरचा गुरुवार

३० एप्रिल २०२६, गुरुवार
रात्रीचे साडेदहा

कूलरमध्ये दोनदा पाणी टाकलं, तरी खोली भट्टीसारखीच आहे. झोप लागायची नाही, म्हणून वही काढली.

दिवसभर कोर्टात रोजनामा लिहिते आणि रात्री ही रोजनिशी. आजचा रोजनामा चार ओळींचा झाला. साक्षीदार क्र. ३ हजर. साक्ष दुभाष्यामार्फत नोंदवली. उलटतपास पूर्ण. पुढील तारीख अमुक. खाली न्यायाधीश मॅडमची सही. कागद म्हणून त्यात काहीच उणं नाही. पण त्या चार ओळींमागे आज जे घडलं ते कुठे तरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून झालेल्या मारहाणीची केस. आपल्याकडे तालुक्याच्या फौजदारी बोर्डावर, म्हणजे रोजच्या खटल्यांच्या यादीवर, धुऱ्याचं भांडण नाही असा आठवडा जात नाही. हातभर मातीसाठी सख्खे चुलतभाऊ कुऱ्हाडी काढतात. साक्षीला पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, एक कोलाम आजी होती. भांडण झालं त्या दिवशी ती शेजारच्या वावरात निंदण करत होती, म्हणून पोलिसांनी तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत टाकलेलं. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात काही नाही. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिने आधी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सरकारी वकिलांनी विचारलं, "सदर घटना आपण समक्ष पाहिली काय?"

आजी गप्प. त्यांनी पुन्हा तेच, जरा मोठ्याने विचारलं. आजीने मान हलवली, पण ती हो की नाही ते कोणालाच कळलं नाही. १९९८ साली तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी ठरली, ही मोठी गोष्ट झाली. माझ्या बाबांसारख्या माणसाला त्यामुळे आपल्याच दाव्यात काय चाललंय ते निदान कानावर तरी पडू लागलं. पण सदर, मजकूर, समक्ष, कैफियत, दरखास्त ही मराठी कुठल्या घरात बोलतात? आणि घरी कोलामी बोलणाऱ्या बाईला तर साधी मराठीसुद्धा बाजारापुरतीच येते.

मॅडम म्हणाल्या, "प्रश्न सोपा करून विचारा." सोपा करूनही जमेना. तेवढ्यात दाराशी पुकारा करायला उभा असलेला आमचा शिपाई दोन पावलं आत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मले येते त्यायची बोली. मी पोडावरचाच हावो."

आम्ही त्याच्यासोबत दोन वर्षं काम करतो. एका डब्यात जेवतो. तो कोलाम आहे हे कागदोपत्री सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या तोंडून कोलामीचा एक शब्दही मी आजवर ऐकला नव्हता. त्याचं कारण मला संध्याकाळी कळलं. दुसरीपासून तो आश्रमशाळेत. तिथे आपल्या बोलीत बोललं की बाकीची पोरं हसायची आणि मोठी माणसं दटावायची, म्हणून त्याने ती बोली घरच्यापुरती ठेवून दिली. पुढे बी.ए. झाला. शिपायाच्या पदाला सातवी पासची अट असते. आमच्या कोर्टात त्या पदावर दोन पदवीधर आहेत, एक जण तर एम.ए.

दोन्ही वकिलांना विचारून, त्यांची हरकत नसल्याचं नोंदवून मॅडमनी त्याला दुभाषी म्हणून उभं केलं. शपथ साक्षीदाराला असते तशीच दुभाष्यालाही असते, १९६९ च्या शपथ कायद्यातच ती तरतूद आहे. रोज तीन-तीन वेळा लोकांची नावं पुकारणारा हा माणूस आज स्वतः पिंजऱ्याजवळ उभा राहून शपथ घेत होता, आणि ती शपथ मी टाइप करत होते. त्याचा आवाज पहिल्यांदा कापरा झालेला ऐकला.

मग तो आजीकडे वळून कोलामीत बोलला आणि तिचे हात कठड्यावरून सुटले.

तिने सांगितलं, भांडण पाहिलं. कुऱ्हाड पाहिली. वार कोणी केला ते नाही पाहिलं, कारण मध्ये माणसं होती. सरकारी वकिलांनी वेगवेगळ्या तऱ्हेने तोच प्रश्न फिरवून विचारला. प्रत्येक वेळी त्याने विचारलं, ऐकलं, आणि तेच सांगितलं: "त्या म्हणतेत, वार पाह्यला नाई."

उलटतपासात बचावाच्या वकिलांनी वेळेवर जोर दिला. किती वाजले होते? आजी जे बोलली त्याचा त्याने अर्थ सांगितला, ढोरं चरायला सोडायची वेळ. वकील म्हणाले, म्हणजे आठ? नऊ? आता पोडावर ढोरं कधी सुटतात ते या पोराला झोपेतही सांगता आलं असतं. पण तो म्हणाला, "वाजले किती ते त्या बोलल्या नाईत. मी मनचं नाई सांगू शकत."

मॅडमनी लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग 'ढोरे चरावयास सोडण्याची वेळ' असंच नोंदवायला सांगितलं.

मी लिहिलं, पण डोळे भरून आले होते. या केसमध्ये शिक्षा होईल की नाही मला माहीत नाही, तो माझा विषयही नाही. एका म्हाताऱ्या बाईने जेवढं पाहिलं तेवढंच कागदावर आलं, त्याला ना काही जोडलं गेलं ना त्यातलं काही सुटलं. आणि ते ज्याच्यामुळे आलं त्याने शाळेत हीच भाषा लपवली होती.

मला माझंच आठवलं. मी नऊ वर्षांची होते. बाबांचा वाटणीचा दावा चालू होता. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, आई मजुरीला गेलेली, म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं. सकाळची एस.टी., मग कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली चार तास. तिथे एक अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसायचे, त्यांची बोटं मी पाहत बसले. मग आतून बाबांच्या नावाचा पुकारा झाला. गावात त्यांना सगळे दादा म्हणत. तिथे नुसतं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि 'हाजीर है'. बाबा टोपी सारखी करत पळत गेले. आपल्या बाबांना असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन मिनिटांत बाहेर आले. तारीख पडली होती.

तो दावा अकरा वर्षं चालला. शेवटी सामोपचाराने मिटला आणि दोन एकर वाट्याला आले. त्या अकरा वर्षांत मी दहावी झाले, बारावी झाले, तालुक्याला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. लिपिकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द लागतात. इंग्रजीच्या ४० वर मी दीड वर्ष अडकून होते. लोक विचारतात, कोर्टाचीच नोकरी का? मला तो दरवाजा आतून पाहायचा होता. आजही पुकारा झाला आणि एखादा माणूस टोपी सारखी करत पळत आला की मी मान वर करून त्याच्याकडे पाहते आणि 'बसा, वेळ आहे' म्हणते. तेवढं माझ्या हातात आहे.

गेल्या वर्षी १४ मे रोजी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे एका मोबाइलभोवती जमलो होतो. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीशपदाची शपथ घेतानाची चित्रफीत कोणीतरी लावली होती. फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस देशाचा बावन्नावा सरन्यायाधीश झाला. आमच्या ऑफिसातले अधिकारी नाझर साहेब पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होते, "मराठी शाळा, बुवा, मराठी शाळा." नाझर साहेबांचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले तेव्हाही आनंद झाला होता, पण त्यांचं घराणंच वकिलीतलं. हा आनंद वेगळा होता. गवई नोव्हेंबरात निवृत्तही झाले, तरी आमच्या ऑफिसात त्या दिवसाचं वर्तमानपत्राचं कात्रण अजून काचेखाली आहे.

मॅडमबद्दल आम्हाला फार माहीत नाही. न्यायाधीशाने गावात फार मिसळू नये, आणि तीनेक वर्षांत बदली ठरलेली. मराठवाड्याच्या आहेत आणि आई अंगणवाडी सेविका होती, एवढं एकदा बोलण्यात आलं होतं. साक्षीला आलेल्या बाईच्या कडेवर लेकरू असलं की तिची साक्ष बोर्डावर खाली असली तरी त्या आधी घेतात. कारण कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळी बेलिफ काकांचा, म्हणजे कोर्टाचे समन्स-हुकूम घरोघरी बजावणाऱ्या आमच्या काकांचा, निरोप समारंभ होता. आज त्यांना ५८ पूर्ण झाली. समारंभ म्हणजे एक हार, श्रीफळ, शाल, चिवडा, आणि वकील संघाकडून भिंतीवरचं घड्याळ. काका आमच्याकडे शिपाई म्हणून लागले, तेव्हा दहावी नापास. नोकरीत असताना बाहेरून दहावी केली आणि बढतीने बेलिफ झाले. एकूण ३१ वर्षं.

बेलिफाचं काम कोणाला आवडत नाही. दारात बेलिफ दिसला की चूल विझल्यासारखं घर होतं. समन्स असो, जप्ती वॉरंट असो, लोकांना फरक माहीत नसतो. काका लहान असताना सावकाराच्या माणसाने त्यांच्या गोठ्यातली बैलजोडी सोडून नेली होती. कागद नव्हता, हुकूम नव्हता, नुसता दम. ऐन पेरणीचे दिवस. त्या वर्षी बापाने आणि मोठ्या भावाने स्वतः जू ओढलं. हे काकांनी मला फक्त एकदा सांगितलं, तेही एका दरखास्तीचे, म्हणजे हुकूम अमलात आणायच्या अर्जाचे, कागद लावताना, माझ्याकडे न पाहता.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्यांना तोंडपाठ आहे. ऋणकोच्या, म्हणजे कर्जदाराच्या घरातून काय जप्त करता येत नाही ते त्यात दिलंय. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकरी असेल तर अवजारं, आणि पोट भरायला कोर्टाला जरुरीची वाटतील तेवढी जनावरं आणि बियाणं. वकील लोक हे कलम युक्तिवादात वाचतात. काका ते अंगणात उभं राहून सांगायचे. मी एकदा मोजमापाच्या कामात त्यांच्यासोबत गेले होते तेव्हा ऐकलं. घरातल्या बाईने त्यांना पाहताच पहिल्यांदा मंगळसूत्र पदराआड केलं. काका उंबऱ्याबाहेरच थांबले.

"माय, त्याले हात लावाचा कायदाच नाई. बैलाले बी नाई, बियाण्याले बी नाई. गंज-पातेलं तुमचंच रायते. आधी पाणी पाजा, मंग कागद वाचून दाखोतो."

पाणी मागून ते त्या घराचा धसका उतरवायचे. मग कागद सावकाश वाचायचे, तारीख दोनदा सांगायचे, तालुक्यात मोफत वकील कुठे मिळतो ते सांगायचे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून वकील मिळतो, हे आमच्या भिंतीवरच्या फलकापेक्षा काकांमुळेच जास्त लोकांना कळलं असेल. हुकूम मात्र त्यांनी कधी अडवला नाही. ताब्याचं वॉरंट असलं की ताबा घेतलाच. मला वाटतं, ते सगळ्यात अवघड आहे. बैलजोडी गमावलेल्या घरातल्या पोराने दुसऱ्याच्या घराला कुलूप लावायचं आणि तरी रात्री झोपायचं. निरोपाच्या भाषणात ते दोनच वाक्यं बोलले. "मी कागद खोटा बजावला नाई. चुकभूल माफ करजा." आणि बसले.

खोटा बजावणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. पोडावर, तांड्यावर जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. माणसं कामाला बाहेरगावी गेलेली, घराला कुलूप. नियमाप्रमाणे मग दारावर समन्सची प्रत चिकटवायची आणि अहवाल द्यायचा. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसूनही 'घर बंद, प्रत चिकटवली' असं लिहिता येतं, आणि तिकडे माणसाला पत्ताही नसताना दावा एकतर्फी होतो. आता एन-स्टेप नावाचं समन्स बजावणीचं ॲप आलंय, मोबाइलवर जागेची नोंद होते. काका हे सगळं मोबाइल नसतानाही पायी फिरून करत होते.

त्यांच्या जागी आलेला मुलगा इंजिनिअर आहे. नोकरीला लागून चार महिने झाले. पुण्याला कंपनीत होता, वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून परत आला. मोबाइल, संगणक सगळं सराईत, पण जंगलाकडच्या वाटांवर नकाशा दाखवतो तिथे रस्ताच नसतो. आज चिवड्याच्या बशा उचलल्यावर ते दोघं मागच्या टेबलावर बसले होते. काकांनी रद्द झालेल्या बोर्डाच्या पाठकोऱ्या कागदावर वाटा काढून दिल्या. नाला, मोहाचं झाड, जुनी विहीर, तिथून डावीकडे. कुठल्या पोडावर कुत्री अंगावर येतात, कुठल्या तांड्यावर नायकाला आधी भेटायचं. शिपाई भाऊ वाकून पाहत होता. एका ठिकाणी त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथून नका जाऊ काका, पाण्याचे दिवस आले का नाला बंद होते. आमच्या पोडाकडून काढा वाट."

काकांनी तिथली रेघ खोडली आणि नवी काढली.

उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी. परवा शनिवारी पाच समन्स आहेत, सगळी एकाच बाजूची. निघताना काका त्या मुलाला म्हणाले, "सकाळी सातले स्टँडवर ये. माह्या गाडीवर जाऊ. कागद तू बजावशीन, मी रस्ता दाखोतो."

शाल घडी करून त्यांनी पिशवीत टाकली. ते घड्याळ मात्र हातातच धरून नेलं, डिक्कीत बसेना.