खर्जाची भणभण : दोष जवारीत नव्हता

मागच्या नोंदीच्या वेळी माझ्या तानपुऱ्याच्या पंचम आणि जोडाच्या दोन्ही तारा बोलू लागल्या होत्या. खर्ज (सर्वांत खालच्या षड्जाची तार) तेवढा अडून बसला होता. काल रात्री साडेअकराच्या सुमारास तो सुटला. तीन आठवडे मी जवारीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या उताराला, दोष देत होतो आणि ती निर्दोष होती, हे आधी नमूद करतो.

तक्रार अशी होती. काळी एक या पट्टीतला खर्ज, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ, छेडला की क्षणभर आस (रेंगाळणारा नाद) उत्तम येई आणि मग तिच्यात सैल झालेल्या पत्र्यासारखी भणभण मिसळे. तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा केसभर पुढे घेतला की तार बंद होई, मागे घेतला की भणभण वाढे. कंप पावणारी तार घोडीच्या उतारावर हलकेच टेकते आणि सुटते, त्यातूनच वरचे स्वयंभू स्वर जागे होतात. तेव्हा उतारच बिघडला असणार असे धरून मी ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने तो चार वेळा उतरवला. पाचव्या वेळी हात आवरला, कारण हाडाची घोडी एकदा जास्त घासली गेली की भरून काढता येत नाही.

तारही बदलून पाहिली. ऑनलाइन मागवलेल्या पितळी तारेला गुंडाळीतच मुरड पडलेली होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेली तार सरळ उलगडली आणि पहिल्याच दिवशी सुरात थांबली. यापुढे तार तिथूनच घेईन. भणभण मात्र दोन्ही तारांना सारखीच होती, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काल तारा सैल करून घोडीच्या पायांखाली कार्बन पेपर, शाईची बाजू वर करून, सरकवला, तारा चढवल्या, पुन्हा उतरवल्या आणि घोडी उचलून पाहिली. पंचमाकडच्या पायाचा तळ सबंध निळा झाला होता. खर्जाकडच्या पायाला केवळ पुढच्या कडेवर नखाएवढी निळी रेघ होती. त्या जागी तबलीवर (घोडी ज्यावर बसते त्या लाकडी पृष्ठावर) बोट फिरवले, तर जुन्या सरसाचा मोहरीहून लहान खडा वाळून बसलेला लागला. पायाचा मागचा भाग तीन आठवडे अधांतरी थरथरत होता. खडा ब्लेडने खरवडला, तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून पाय त्यावर घासला, आणि तिसऱ्यांदा कार्बनची खूण घेतली तेव्हा तळ पूर्ण टेकला. त्यानंतर दोरा सरकवता सरकवता एका जागी खर्ज असा उघडला की त्यातला गांधार खोलीच्या दारातूनही स्वच्छ ऐकू येत होता.

लगेच मोबाइलवर स्वरांचा आलेख पाहिला. साधी तार बरोबर मध्यावर छेडली, तर सम क्रमांकांचे स्वरांश, म्हणजे तेच स्वयंभू स्वर, उमटू नयेत, कारण त्यांचा स्थिरबिंदू तिथेच येतो. येथे ते ठसठशीत उमटले. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांविषयी नेमके हेच मांडले होते. दोरा काढून छेडल्यावर तेच स्वरांश बरेच फिके पडले. रामन यांचे म्हणणे स्वतःच्या तबलीवर पडताळून पाहण्याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

पुढचा बेत शिसवी घोडी घडवण्याचा होता आणि लाकूड आखूनही ठेवले आहे. परंतु हे लिहीत असतानाच सुचले की कार्बनचीच युक्ती उतारालाही लावता येईल : उतारावर काजळीचा पातळ हात फिरवून तार छेडली, तर ती कुठपर्यंत टेकते ते पुसल्या गेलेल्या पट्ट्यावरून दिसेल. शिसव आता थांबेल. उद्या पंचमापासून सुरुवात करतो. हाडात काजळी मुरू नये म्हणून आधी काय लावावे, हे कुणाला ठाऊक असल्यास कळवावे.