गोटीचं सॉरी

रविवार, रात्र

"पोळ्याला गावी गेलेत ना मॅडम सगळे. शुक्रवारीच." वॉचमन एवढं बोलला आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घालून बसला. मी कोरड्या कचऱ्याची पिशवी हातात धरून तशीच उभी.

शेजारच्या ८०३मधली भाडेकरू पोरं शुक्रवारीच गेली. मग काल रात्री पावणेएकला माझ्या उशाशी जे घरंगळलं ते कोणी घरंगळवलं?

आवाज तोच होता. आधी टक्क, मग गोटी लांब जावी तसं गुर्रर्र, मग खुर्ची ओढल्यासारखं. दोन महिने ओळखते मी त्याला. ह्यांना झोपेतून हलवून सांगितलंय, ऐका, झाली पोरं सुरू. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, २००० सालचा नियम आहे, तोही शोधून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पंधरा अंगठे आले. ॲपवर माझं ५२ आलं होतं. त्यातलं आमच्या पंख्याचं किती ते मी पाहिलं नाही. ग्रुपवर नाही लिहिलं, इथे तरी लिहावं.

आणि मंगळवारचं लाटणं. तीनदा ठोकलं भिंतीवर. आवाज थांबला. मला वाटलं, बघा, कळलं त्यांना! आता वाटतंय, गोटी थांबायची तेव्हा थांबलीच असती.

मग त्यांच्या मालकांना मेसेज, मालकांचा पोरांना फोन, आणि बुधवारी संध्याकाळी त्यातला तो उंच मुलगा दारात. "काकू, खूप त्रास होऊन राहिला का तुम्हाला? सॉरी. नाही होणार आता." मी काय म्हणाले? "ठीक आहे, लक्षात ठेवा." लक्षात ठेवा! वर्गाबाहेर उभं केल्यासारखं.

त्याने विचारलंच नाही, कुठला आवाज, किती वाजता. तेच मघापासून टोचतंय. माणूस निदान विचारतो ना, की काकू, आम्ही काय केलं?

मी तरी कुठे विचारलं होतं म्हणा. कोथरूडला एकोणीस वर्षं भाड्याने काढली. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी पोटात गोळा. खालच्या मालकीणबाई काठीने छताला ठोकायच्या. एकदा रात्री ठोकलं तेव्हा धाकटा तापाने फणफणून माझ्या मांडीवर निजलेला, घरात चिटपाखरू हलत नव्हतं. तरी हे खाली जाऊन सॉरी म्हणून आले. करार पुढच्या महिन्यात संपत होता. त्या रात्री मी किती रडले होते. आणि ठरवलं होतं, स्वतःचं घर झालं की... जाऊ दे.

झालं घर. हप्ते २०३९ पर्यंत. सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाने भिंतीवर बोटं वाजवून दाखवली होती, "वीटच नाही मॅडम, सगळं काँक्रीट!" मी खूश. खिळा ठोकायला ड्रिलवाला बोलवावा लागला तेव्हासुद्धा कौतुकच. ह्यांचे साइटवरचे मित्र जेवायला आले होते तेव्हा म्हणाले, वहिनी, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध ओततात. बोलण्याचा आवाज अडतो, पण ठोका अख्ख्या सांगाड्यातून फिरतो. शेजारून आला, वरून आला की दोन मजले खालून, कानाला कळत नाही. मी म्हटलं, मला कळतं. वर श्रीखंड वाढलं. रेराखाली, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याखाली, पाच वर्षांत दोष निघाला तर बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा असतो, पण "खुर्ची ऐकू येते" हे कुठल्या रकान्यात लिहू?

सगळंच माझं चुकलं असंही नाही हं. वूफर त्यांचाच. शनिवारी रात्री तो लागला की आमच्या शोकेसची काच थरथरते. दीड वाजता बिर्याणीवाला आमची बेल दाबतो तीही त्यांचीच. म्हणजे निम्मं माझं बरोबर. मग असं करावं का, वूफरचं सॉरी ठेवून घ्यावं आणि गोटीचं परत करावं? सुट्टे द्यावेत तसं.

हे हसले. म्हणाले, धाकट्याच्या ढोलाचं काय? महिनाभर नदीकाठी पथकाचा सराव करून येतो आणि जेवायच्या टेबलावर बोटांनी तोच ठेका धरतो. ते टेबल खाली सातव्याला ऐकू जात असेल की. त्याला ॲप लावलं नाही कधी. आईंची काठी तर... ते आज नको.

राहिलं कोण? वर सेक्रेटरी. दोन महिन्यांत एकदाही मनात आलं नाही की वरूनही येऊ शकेल. ते मालक ना. हे मात्र लिहितानाही बरं वाटत नाहीये. ग्रुपवर आम्ही सगळे त्यांना "८०३चे बॅचलर्स" म्हणतो. तिघांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही. पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदांवर असेल.

पुढच्या रविवारच्या मीटिंगचा अजेंडा आलाय. मुद्दा सातवा, बॅचलर भाडेकरूंबाबत धोरण. माझ्या मेसेजवरूनच. त्याखाली "आवाज वरूनही असू शकतो" असं टाइप केलं, आणि पुसलं. वर कोण राहतं ते सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा टाइप केलं. तसंच ठेवलंय, पाठवलेलं नाही.

बारा वाजून दहा. आत्ता लिफ्ट आली. बॅगांची चाकं पॅसेजच्या फरशीवर खडखडली आणि एकदम थांबली. उचलून घेतल्या असाव्यात. "हळू बे, काकू झोपल्या असतील."

दार उघडून म्हणायला हवं होतं, नाही झोपले. पोळा कसा झाला? गाऊनवर कुठे दार उघडू, या सबबीवर बसून राहिले. सबबच ती.

पावणेएक. त्यांच्याकडे आता अगदी सामसूम. टक्क. गुर्रर्र. खुर्ची.

लाटणं ओट्यावरच आहे. छतापर्यंत हात पोचत नाही माझा.