काट्याच्या जागी

१२ ऑक्टोबर, वेंगुर्ले

चार दिवस पाऊस नाही. आज बोगनवेलीचा ट्रे पडवीतून उचलून खळ्यात तुळशीच्या पलीकडे ठेवला. सकाळी आठपासून चारपर्यंत तिथलं ऊन हलत नाही.

घरापुढचा रस्ता रुंद झाला तेव्हा गडगा गेला, आणि गडग्यावरची बाबांनी लावलेली बोगनवेलही. जांभ्याच्या चिऱ्यांत रुतलेलं मनगटाएवढं खोड मी पहारीने सोडवून आणलं, मुळं छाटली, रेती मिसळलेल्या तांबड्या मातीत बसवलं. जगलं ते. तार बांधून फांद्या वळवल्या, बोन्साय म्हणून देखणंही झालं. पण तीन वर्षांत एक फूल नाही. गडग्यावर होती तेव्हा शिमग्यापर्यंत पान दिसू नये इतकी बहरायची.

आई रोज विचारते, "इली काय गो फुलां?"

मी रोज पाणी घालते, पंधरवड्याला शेणखताचं पाणी देते, आकार बिघडू नये म्हणून दर आठवड्याला शेंडे खुडते. आज हे सगळं आईला मोजून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन कधी पाणी घातल्यान तेका? जरा तहान लागांदे."

१३ ऑक्टोबर

झोप लागली नाही नीट. आईचं म्हणणं खरं आहे. बोगनवेलीची फुलं नव्या फुटीवर, टोकाकडे येतात, आणि तेच टोक मी तीन वर्षं कात्रीने काढत आले. नत्र मिळालं की ती पानांच्याच मागे लागते. पावसाळाभर पागोळीखाली भिजत ठेवली, तेही चुकलंच.

काट्यांचं तर मला फारच लागलं. तिच्या पानाच्या बेचक्यात जो काटा असतो तो आणि फुलांचा घोस एकाच जागेतून निघतात. ऊन, तहान आणि लांब रात्री मिळाल्या तर त्या जागी फूल. सावली, पाणी, खत भरपूर असेल तर काटा. आज ट्रेवर वाकून काटे मोजले. सत्तावन्न. म्हणजे सत्तावन्न वेळा तिथे फूल येऊ शकलं असतं.

शेजारचे काका म्हणाले, कल्टारचे दोन थेंब टाक. हापूसच्या कलमांना ते पावसात बुंध्याभोवती देतात. झाडाच्या फांद्या लांब वाढवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ते रोखतं आणि मोहोर लवकर येतो. बागायतदाराला वर्षाचं उत्पन्न काढायचं असतं, त्याचं मी समजू शकते. या वीतभर मातीत मला ते घालायचं नाही.

१६ ऑक्टोबर

पाणी तोडल्याचा तिसरा दिवस. दुपारी पानांनी माना टाकल्या. तांब्या हातात घेऊन दोनदा उभी राहिले. उथळ ट्रे आहे, पूर्ण सुकला तर बारीक मुळं जातील. संध्याकाळी अर्धा पेला पाणी दिलं, चुलीतली चिमूटभर राख मातीत मिसळली. रात्री पानं पुन्हा ताठ.

२१ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. विजा सुरू होताच धावत जाऊन ट्रे पडवीत आणला. एका सरीने सगळा ताण मोडला असता.

१५ नोव्हेंबर

कात्री कपाटात ठेवून महिना झाला. दोन फांद्या वेड्यावाकड्या लांबल्यात, बघवत नाही, तरी हात लावला नाही. खालची जून पानं पिवळी होऊन गळाली. वाईट वाटलं, पण शेंडे लाल-कोवळे आहेत. सहाला अंधार पडतो आता. इथे जूनमध्ये दिवस १३ तासांचा असतो, डिसेंबरात ११ तासांच्या जरा वर. एवढ्या फरकाची खबर त्या खोडाला लागते याचं मला फार नवल वाटतं. मूळची ती ब्राझीलकडची. १७६७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बोगनविलच्या सफरीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती तिथल्या किनाऱ्यावर सापडली. खारा वारा तिला सोसतो तो त्यामुळेच असेल. आमच्या गुलाबाची पानं त्याच वाऱ्याने करपतात.

४ डिसेंबर

आज गारठा होता. समोरच्या कलमांवर अजून मोहोर नाही, पण आपल्या ट्रेत डावीकडच्या लांबलेल्या फांदीवर, काटा असायचा त्या बेचक्यात, तांदळाएवढं काहीतरी. आधी वाटलं कोवळं पान. चष्मा पुसून पाहिलं. तीन टोकं होती, एकमेकांना चिकटलेली, कडेला गुलाबी.

आईला हाताला धरून खळ्यात आणलं. तिला इतकं बारीक दिसत नाही आता. तिचं बोट धरून त्या जागी टेकवलं. काट्यांना भिऊन तिने आधी हात आखडला, मग हळूच चाचपलं.

"मऊ आसा," म्हणाली.

शोधलं तर आणखी चार जागी तसंच आहे. आता तहान पुरे. कळी धरल्यावर ताण दिला तर गळते. सकाळी मातीचा वरचा थर सुकलेला दिसला की पेलाभर पाणी. आणि ती लांबलेली फांदी तशीच राहील, आकार गेला तरी.