फिजिओथेरपीची इंटर्नशिप आणि 'फिटनेस'ची चिठ्ठी : माझा अनुभव

नाशिकमध्ये फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपवून मला बरेच महिने झाले, तरी तिथल्या ओपीडीतील तपासणीच्या फॉर्मवरचा माझा राग अद्याप गेलेला नाही. गुडघा किती अंशांत वाकतो, स्नायूची ताकद पाचपैकी किती, दुखणे दहापैकी किती, यांसाठी त्यावर चौकटीच चौकटी होत्या. रुग्णाला आणखी कोणते आजार आहेत आणि तो कोणत्या गोळ्या घेतो, यासाठी मात्र एकच ओळ, आणि तीही 'डीएम, एचटीएन' (मधुमेह, उच्च रक्तदाब) लिहिताच भरून जाई. मी गोळ्यांचा वेगळा तक्ता जोडू लागले, तेव्हा फॉर्म हा 'मंजूर नमुना' असल्याचे कार्यालयातून ऐकवण्यात आले.

आमच्या तुकडीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता आणि त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय व श्वसन हे विषय आम्ही वेगवेगळे शिकलो आणि वेगवेगळ्या पेपरांत लिहिले. निफाड-दिंडोरीकडून येणारा रुग्ण मात्र सगळे पेपर एकदमच घेऊन येतो. द्राक्षबागेत आयुष्य गेलेल्या एक आजी गुडघ्यासाठी आल्या. 'बाकी काही नाही, थोडी शुगर आहे', असे त्यांनी सांगितले. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडल्या, तेव्हा मधुमेह, रक्तदाब आणि पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी असा सगळा इतिहास बाहेर आला.

हृदयविकार असलेल्या रुग्णाचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी मेडिसिन विभागाकडून 'फिटनेस', म्हणजे व्यायामाला हरकत नसल्याची चिठ्ठी, आणावा, असा आमच्याकडे नियम होता, आणि तो योग्यच आहे. पण तो पाळायचा म्हणजे आधी चिठ्ठी लिहायची, सरांची सही घ्यायची, केसपेपरला टाचायची आणि गुडघ्याने बेजार झालेल्या आजींना जिना चढून दुसऱ्या रांगेत उभे करायचे. तिथे जुने कागद मागत. ते रेकॉर्ड रूममध्ये असत, रेकॉर्ड रूम जेवणाच्या सुट्टीनंतर उघडे, आणि तोवर मेडिसिनची ओपीडी बंद झालेली असे. आजींची परतीची एसटी ठरलेली, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इतके करून अखेर जी चिठ्ठी परत आली, तिच्यावर दोनच शब्द होते : फिजिओथेरपीसाठी फिट. कोणत्या व्यायामासाठी, किती वेळ आणि रक्तदाब कुठे पोहोचला की थांबायचे, याचा त्यात मागमूस नव्हता.

दोष एकट्या मेडिसिनचा नव्हता, हे मला मान्य आहे. आमच्या विभागातून वर्षानुवर्षे 'कृपया फिटनेस द्यावा' एवढेच लिहून जात असे. म्हणून पुढच्या चिठ्ठीत मी नेमके प्रश्न लिहिले : बीटा-ब्लॉकर चालू आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या, कोणत्या रक्तदाबाला व्यायाम थांबवावा. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर ती चिठ्ठी मी स्वतः निवासी डॉक्टरांच्या हातात दिली आणि उत्तर उभ्या उभ्या लिहून मिळाले. शेवटच्या परीक्षेपेक्षाही त्या कागदाचा मला अधिक अभिमान वाटला.

बीटा-ब्लॉकरचा प्रश्न उगाच नव्हता. ही गोळी नाडी फार वाढू देत नाही, त्यामुळे २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याचे पाठ केलेले सूत्र तिथे कामाचे नसते. त्याऐवजी श्रम किती जाणवतात, हे रुग्णाने आकड्यात सांगायची ६ ते २० ची बोर्ग श्रेणी वापरावी. ती समजत नसेल, तर चालताना सलग बोलता येते का, हे विचारावे. साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधडही या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो, म्हणून मधुमेही रुग्णाच्या कपाळाकडे लक्ष असू द्यावे. व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल, तर प्रथम काहीतरी खायला द्यावे.

शेक देण्याची मागणी प्रत्येक जण करतो. आजींच्या नडगीला मी गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या आळीपाळीने टेकवल्या. डोळे मिटलेल्या आजी दोन्ही वेळा 'गार' म्हणाल्या. अशा पायाला शेक दिला, तर कातडी भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही. हल्ली व्हिडिओ पाहून मणका 'कटकन' बसवून मागणारेही येतात. ठिसूळ हाडे किंवा रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असेल, तर झटका देऊन मणका हलवायला ठाम नकार द्यावा, मग नातेवाईक कितीही नाराज होवोत. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणका हाताने हलवून उपचार करण्याची पद्धत, शिकणाऱ्यांनाही हाच विवेक अंगी बाणवावा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रक्तदाब केवळ बसवून मोजू नये. आडवे असताना आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभ्याचे व्यायाम त्या दिवशी टाळावेत आणि तो उतार आकड्यांसह मेडिसिनच्या चिठ्ठीत लिहावा. आकडे लिहिलेली चिठ्ठी तिथे लवकर वाचली जाते.