मागच्या सीटवरचा रीलचा रतीब

आज दादरहून सायनला येताना बसमध्ये मागच्या सीटवर रील्स सुरू. जरा ढोलकी, जरा प्रवचन, मग तेच ठराविक हसणं, पुन्हा पुन्हा. एखादं पूर्ण गाणं असतं तर एक वेळ सोसलं असतं! आणि वाजवणारा कुणी कॉलेजकुमार नव्हे हं, कडक इस्त्रीच्या शर्टातले साठीचे काका.

एप्रिल २०२३ मध्ये बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइल मोठ्याने वाजवायला बंदी घातली. पण गर्दीत कंडक्टरने तिकिटं द्यायची की काकांशी हुज्जत घालायची?

शेवटी मीच म्हटलं, "काका, आवाज जरा कमी करता का?"

"अहो, त्रास होतोय का तुम्हाला?" चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य! आणि लगेच बंद केला. त्यावर पुढच्या मावशी म्हणतात, "मी केव्हाची सांगणारच होते." म्हणजे अख्खी बस मनातल्या मनात वैतागलेली आणि तोंड उघडायला कुणी तयार नाही.

लोकलमधल्या भजनी मंडळांबद्दल लोक हिरिरीने भांडतात. मला विचाराल तर ती परवडली; टाळ कुटणारे निदान स्वतः गातात तरी. आता या कमेंटमध्ये, भजनवाले आणि झोपवाले दोघेही.